मुठीवरचं चामडं

पात्यावरचा अर्धचंद्र भिंगाखाली आला की किंचित हसल्यासारखा वाटायचा—नखाएवढा, कोणीतरी तापल्या लोखंडावर ठोकलेला, एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ... ठोकणाऱ्याचा हात कललेला असावा. असावा! राजानंदच्या साऱ्या अभ्यासाची धाव याच शब्दापाशी येऊन थांबायची.

"काका, भिंग बाजूला घ्या. उजेड अडतोय."

नेदरलँड्समधल्या ब्रेडातलं विवेकचं गॅरेज. एरवी तो धातूंच्या प्रयोगशाळेत नोकरी करायचा आणि शनिवारी इथे जुनी हत्यारं दुरुस्त करायचा. टेबलावर ताकोबा आडवी ठेवलेली होती—सहारातल्या तुआरेग लोकांची सरळ, रुंद, दुधारी तलवार. उघड्या लोखंडाला हात लागू नये असं ते मानतात, म्हणून तिची मूठ, आडपट्टीसकट, काळपट चामड्यात शिवून टाकलेली.

"आमच्या घरात समोर बुद्ध आणि मागच्या भिंतीला तलवारी," थर्मासचं झाकण फिरवत सुचेता म्हणाली. "आलेला माणूस आधी हात जोडतो, मग दचकतो."

"म्हणून तर आमची लेक विशाखा काकांना शांतिदूत म्हणते, काकू," विवेक म्हणाला.

राजानंद हसला, पण उशिरा. दोघांचं हसून झाल्यावर.

संग्राहकांच्या वार्षिकात आयुष्यात त्याचा एकच लेख छापून आला होता. अशी चांगली पाती युरोपातून यायची, वाळवंटातला लोहार फक्त मूठ बसवायचा, असं सगळे म्हणत. त्याने लिहिलं होतं की हे पातंही त्या लोहारानेच घडवलं आहे. ज्या लोहारावाचून सरदारांचं पान हलत नसे आणि ज्याला ते चार हात लांब ठेवत, जो तलवार करी पण कमरेला लावू शकत नसे, तो लोहार... हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाचनालयात पुस्तक मिटून तो कितीतरी वेळ नुसता बसून राहिला होता. सहारासाठी नव्हे. लेखावर एकच उत्तर आलं—पुरावा काय? आणि मग पंचाहत्तरीला टेकेपर्यंत तो त्या दोन शब्दांशी मनातल्या मनात भांडत राहिला.

"एक्स-रेत नुसता पांढरा डाग येतोय," विवेक म्हणाला. "आडपट्टीखाली युरोपी कारखान्याचा ठसा आहे की नाही, ते उघडल्याशिवाय नाही कळणार. आणि एकदा कापलं की परत तसं होणार नाही हं. कापू?"

ठसा निघाला तर मी खोटा. नाही निघाला तर तो लोहार खरा... 'मी खरा' असं म्हणायचंही धैर्य त्याला झालं नाही.

"काप," तो म्हणाला. इंजेक्शनसाठी दंड पुढे करावा तसं, दुसरीकडे बघत.

चामडं उलगडलं आणि वास आला. जुना, कोंडलेला—आणि ओळखीचा. धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी वडिलांनी मेलेली जनावरं ओढणं सोडलं, आजीच्या हातातली सुरी काढून घेतली आणि बजावलं, या कामाचं नाव या घरात निघणार नाही. योग्यच होतं ते. त्या एका वाक्यावर पाय देऊन तर सगळे शिकले, तो इथवर आला. त्याने ते इतकं पाळलं की जन्मभर कापडी बूट वापरले...

"काका." विवेकने दिवा जवळ ओढला. "काही नाही हो. गंजाने सगळं खाल्लंय. ठसा होता की नव्हता, आता कोणीच सांगू शकणार नाही."

कोणीच नाही. वाईट वाटेल म्हणून राजानंद थांबला, पण वाटलं ते पोकळच काहीतरी.

विवेकने सोललेलं चामडं उलटं केलं. "पण ही शिवण बघा आतून. काय हात आहे! दोरा संपला तिथली गाठसुद्धा आत दडवलीय."

"कोणी शिवलं असेल?" सुचेताने विचारलं.

"लोहारांच्या घरातल्या बायका," राजानंदच्या तोंडून निघालं. "चामडं त्याच करतात, बहुधा."

ठाऊक होतं मला! आधीपासून ठाऊक होतं. आणि लेखात एकच ओळ—'मूठ चामड्याने मढवलेली आहे.' आपोआप मढल्यासारखी. लोखंड उचललं मी, कारण लोखंडाला आग आहे, ठिणगी आहे, चारचौघांत सांगता येतं. आणि चामडं तेवढं तिथेही, सहारातही, दाराबाहेर ठेवलं. घडवणाऱ्याचा हात शोधत होतो, तो मुठीवर धडधडीत होता, एकमेव, निःसंशय... आणि मी काप म्हणालो.

"अहो, मग आता काय लिहिणार?"

त्याने ते चामडं शिवणाऱ्या बाईला डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. लोहार नेहमी चटकन यायचा, भट्टी, घाम, उगारलेला दंड सगळं घेऊन. हिचा चेहराच येईना. आली ती आजी—पाठमोरी, उकिडवी, कोपरांपर्यंत हात माखलेली. आणि दारात नाक दाबून उभा असलेला तो, आटप ना गं, हात धू ना, म्हणून ओरडणारा. आता तिने आटपू नये असं त्याला वाटत होतं. हातही धुऊ नयेत. नुसतं एकदा मागे वळून बघावं...

तो वाट बघत राहिला. ती वळेना.