घरटी एक माणूस

तोताराम पाटलाने ट्रॅक्टर आणला तेव्हा तो बघायला शिरपूरकडची निम्मी गावं लोटली होती. ट्रॅक्टरबरोबर आलेल्या माणसाकडे मात्र कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्या माणसाचं नाव हाशम. धुळ्याचा, चाळिशीतला, लढाईत फौजेच्या मोटारी हाकून परत आलेला. ट्रॅक्टरही फौजेच्याच लिलावातला. लढाई संपली तशी सरकारला दोघांचीही गरज उरली नाही, आणि पाटलाला एकदम दोघांची गरज पडली.

हाशम लढाईवर असताना त्याची बायको अकबरी तापाने गेली. मूलबाळ नव्हतं. तो परत आला तेव्हा शेजाऱ्यांनी त्याच्या हातात घराची किल्ली दिली, आणि त्या रिकाम्या घरात त्याला काही राहवेना. म्हणून पाटलाचा निरोप येताच त्याने दाराला पुन्हा कुलूप घातलं आणि तो या गावाला आला.

गावाबाहेर, मळ्याच्या बांधाला, पाटलाने त्याला पत्र्याची खोली दिली आणि ट्रॅक्टरला तिच्या शेजारी छप्पर. जेवण पाटलाच्या घरून येई. ते आणणारा सालदार भटू भाकरीचं फडकं खुंटीला अडकवी आणि चालता चालताच "जेवा बरं का" म्हणून निघून जाई. गावाने हाशमशी वैर धरलं होतं असं मुळीच नाही. लोक रस्त्यात रामराम घालत, तोही सलाम करी, आणि तेवढ्यावर भागे. ज्याला त्याला आपापलं काम होतं. हाशम बोलका माणूस. दोन महिन्यांत तो बॅटरीशी बोलायला लागला. यात हसण्यासारखं काही नाही. बॅटरी निदान मधेच उठून जात नाही.

ती बॅटरी जुनी होती आणि त्या साली थंडी अशी पडली की सकाळी माठातल्या पाण्यात हात घालवत नसे. डिझेलचं इंजिन थंडीत मुळातच जड फिरतं, आणि त्याच थंडीत बॅटरी मरगळते. ऊन चढल्यावर सगळं सुरळीत झालं असतं. पण पाटलाला कुंद्याचं चिवट गवत माजलेली पडीक जमीन फोडायची होती आणि त्यासाठी नांगर सूर्याच्या आधी रानात हवा होता. म्हणून हाशम रोज संध्याकाळी बॅटरी सोडवून खोलीत आणी, फळीवर ठेवी, चुलीची ऊब लागेल पण आच लागणार नाही एवढ्या अंतरावर. तिच्या टोकांवर साचलेलं पांढरं-हिरवं गरम पाण्याने धुऊन काढी, वरून ग्रीस लावी, आणि पाणी कमी झालं असेल तर धुळ्याहून आणलेल्या बाटलीतलं घाली. पाटलाला याचं फार नवल वाटे.

"आमनी विहीरना पानीले काय व्हयनं?" त्याने एकदा विचारलं. "बठ्ठं गाव पेस."

"गाव पितं, आबा. बॅटरीला सोसत नाही," हाशम म्हणाला.

"भलती नखरेल शे." पाटील एवढंच म्हणाला.

एवढं करूनही पौषातल्या एका पहाटे बॅटरी बसली ती बसलीच. हाशमने सेल्फ दाबला तर नुसतं 'टक्' झालं. तो पाटलाच्या दारात वर्दी द्यायला गेला. पाटलाने भटूला हाक मारून काहीतरी सांगितलं, आणि थोड्या वेळाने गावातून माणसंच माणसं येऊ लागली. अंगावर घोंगड्या, डोक्याला मुंडासं, तोंडातून वाफा. कुणी मोटेचा सोल, म्हणजे जाड दोरखंड, आणला. तो ट्रॅक्टरच्या पुढे बांधून सगळ्यांनी गाडीवाटेवर ओढायला सुरुवात केली. वर हाशम. ट्रॅक्टरने जरा वेग धरला की तो क्लच सोडी, इंजिन खोकल्यासारखं करी आणि पुन्हा गप्प. मग सगळे थांबून दम खात. कुणीतरी तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्या पेटवल्या. शेकोटीभोवती जागा झाली, आणि त्या गोलात हाशमलाही कुणीतरी सरकून जागा दिली.

"डायवरभाऊ, तुमनी म्हैस आज उठत नही का?" वना म्हणाला. वना साठीच्या घरातला, पाटलाचंच वावर बटाईने करणारा, छातीने जरा अधू, पण जिभेने नाही. सगळे हसले. हाशमही हसला. मग वनाने विचारलं, "तुम्ही आगबोटमा बठनात म्हंतस. समुद्र कसा ऱ्हास?"

हाशमने सांगितलं. कुठेही बघावं तर पाणी, आणि घोटभर पिता येत नाही.

"त्यामा मगरी ऱ्हातस का, आपली तापीमा होत्यात तश्या?"

"मगरी नाहीत, आबा. त्याहून मोठे मासे असतात."

हाशमने त्या मोठ्या माशांबद्दल बरंच सांगितलं. त्यातलं थोडं पाहिलेलं होतं, बाकीचं तोंडाला आलं म्हणून सांगितलं. मग पुन्हा ओढाओढ झाली, इंजिन धडधडलं, लोकांनी हात झटकले आणि ते आपापल्या वाटेला लागले. हाशम दिवसभर नांगर चालवत होता आणि मनातल्या मनात उद्याच्या शेकोटीला सांगायच्या गोष्टी जुळवत होता. कितीतरी महिन्यांनी त्याला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर एका दमात सुरू झाला. दिवसभर चालल्यावर डायनामोने बॅटरी भरली होती, आणि आदल्या संध्याकाळी हाशमने नेहमीसारखी तिची सगळी बडदास्त ठेवली होती. वाट मोकळी होती. सोल नाही, शेकोटी नाही, वना नाही. इंजिन इतकं छान चाललं होतं की हाशमला त्याचा राग आला.

मग त्याने जे केलं ते कुणाही चांगल्या ड्रायव्हरला शोभणारं नव्हतं, आणि हाशम चांगला ड्रायव्हर होता. एका संध्याकाळी त्याने बॅटरी आत आणलीच नाही. ट्रॅक्टरचं तोंड भिंतीकडे करून त्याने त्याचा पुढचा दिवा लावला आणि तो तसाच ठेवून निजला. उजाडण्याआधी उठून दिवा घालवला. सेल्फ दाबला. टक्. तो जवळजवळ पळतच पाटलाच्या दारात गेला.

त्याने हे रोज केलं नाही, तेवढं तारतम्य त्याच्याजवळ होतं. दोन दिवस सुरळीत, मग एक दिवस टक्. कधी लागोपाठ दोन. लोक येत, ओढत, शेकत. वना ठरल्यासारखा म्हशीवरून काहीतरी बोले. हाशमला आता कुणाच्या पोरीचं लग्न कुठे ठरतंय, कुणाची गाय गाभण आहे, सगळं कळू लागलं. एकदा वनाने आपली तमाखू स्वतः होऊन त्याच्यापुढे धरली. हाशम तमाखू खात नसे. त्या दिवशी त्याने खाल्ली आणि दिवसभर त्याचं डोकं गरगरत होतं.

पाटील मात्र कावला होता. "बैलले हिव लागस तं आम्ही झूल टाकतस," तो म्हणाला. "तू बॅटरीवर काय बी टाक, पन गाडी चालाले जोयजे."

"थंडी आहे, आबा. थंडी ओसरली की होईल ठीक," हाशम म्हणाला. थंडी ओसरू नये असं त्याला मनापासून वाटत होतं.

आणि मग ती सकाळ आली. माणसं जमली होती, सोल बांधून झाला होता. हाशम वर चढून बसला आणि त्याने सवयीने वनाला शोधलं. वना दिसेना. सोलाच्या शेवटच्या टोकाला, पदर खोचून, वनाचीच घोंगडी पांघरून, त्याची बायको सुंदरबाई उभी होती. बाकी सगळे पुरुष. ती त्यांच्याकडे पाठ करून, दोन्ही हातांनी सोल धरून तयार होती.

हाशम खाली उतरला. "अक्का, तुम्ही कशाला आलात? वनाआबा कुठे आहेत?"

"त्या घरमा पडेल शेतस," सुंदरबाई म्हणाली. "ताप शे. छाती भरेल शे."

"मग त्यांच्यापाशी बसायचं. एक माणूस कमी असला तर काय अडतंय इथे?"

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की हा काय विचारतोय तेच तिला कळलं नसावं. "घरटी एक मानूस, पाटलना हुकूम शे," ती म्हणाली. "पोऱ्या नही आमले, मंग मीच उनू. नही उनं तं पाटील औंदा वावर दुसराले दी देतीन."

"हुकूम? कधीपासून?"

उत्तर भटूने दिलं, आणि तेही हसत. "पहिला रोजफाईन. तुम्ही वर्दी देतस, मंग मी घरोघर दार ठोकत फिरस. लोके काय हौस म्हनीसन येतस का असा हिवमा?"

बाकीचेही हसले. त्यात काही विखार नव्हता. पाटलाची बॅटरी, पाटलाचा हुकूम, आणि बिचाऱ्या ड्रायव्हरच्या हातात काय आहे, असं त्यांचं सरळ मत होतं. हाशमनेही हसायचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही. ज्याने सारी लढाई हुकमावर उठून हुकमावर निजून काढली त्याला हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. पण एकट्या माणसाला जे हवं असतं तेच दिसतं, त्याला इलाज नाही.

"अक्का, सोडा तो सोल," तो म्हणाला. तिने सोडला नाही. भटू बघत होता आणि भटू पाटलाला सांगणार होता. शेवटी हाशमला वर चढावं लागलं. वरून त्याला ती ओढताना दिसत होती. दोनदा तिचा पाय घसरला, दोनदा ती सावरली. इंजिन लागलं तेव्हा तिने घोंगडी नीट केली आणि शेकोटीकडे न बघता घराकडे भराभर निघून गेली.

त्याच दुपारी हाशमने बॅटरी उतरवली, पाटलाची परवानगी घेतली आणि सर्व्हिसच्या मोटारीने धुळे गाठलं. तिथल्या बॅटरी चार्जिंगवाल्याने झाकणं उघडून आत पाहिलं.

"दिवा राहिला होता का रे चालू?"

"राहिला होता."

"एकदा राहिल्याने इतकी खराब होत नाही."

हाशमने चार्जिंगचे पैसे पुढे केले. बॅटरी भरेपर्यंत तो रात्रभर दुकानाच्या फळीवरच बसून राहिला. त्याचं स्वतःचं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे होतं, किल्ली खिशात होती. तो तिकडे गेला नाही. येताना त्याने वनासाठी मोसंबी घेतली आणि छातीला चोळायचं तेल घेतलं.

दुसऱ्या दिवशी गावात आल्यावर त्याने बॅटरी आपल्या गोधडीत गुंडाळली आणि स्वतः पोत्यांवर पडून रात्र कुडकुडत काढली. पहाटे ती ट्रॅक्टरला जोडून सेल्फ दाबला, आणि इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. थंडीत तो आवाज गावभर गेला. घराघरांतून जागी होऊन बसलेली माणसं भटू दार ठोकायला येतो की काय म्हणून कान देऊन होती. त्यांनी तो आवाज ऐकला, गोधड्या डोक्यावर ओढल्या आणि कूस बदलली. अख्ख्या गावाने त्या ड्रायव्हरला त्या पहाटे दुवा दिला असेल. त्याच्यापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही.

संध्याकाळी तो मोसंबी आणि तेल घेऊन वनाकडे गेला. सगळं सांगून टाकायचं असं त्याने वाटेत पक्कं ठरवलं होतं. वना भिंतीला टेकून बसला होता. ताप उतरत होता, पण आवाज खोल गेला होता.

"आबा, एक सांगायचं होतं. ती बॅटरी—"

"आवाज ऐकं ना मी," वना म्हणाला. "एक झटकामा चालू व्हयनी. भलं करं भाऊ तुम्ही, बठ्ठं गाव सुटनं." मग तो बायकोकडे वळला. "डायवरभाऊले च्या दे."

हाशमने चहा घेतला. चहा घेता घेता सांगायचं होतं ते आत आत गेलं आणि बाहेर आलंच नाही. निघताना तो एवढंच म्हणाला, "बरे झालात की या सकाळी शेकायला. मी रोज शेकोटी करतो."

"येसू ना," वना म्हणाला.

हाशम रोज शेकोटी करू लागला. आधी इंजिन सुरू करायचं, ते तापेपर्यंत तुऱ्हाट्या पेटवायच्या आणि वाटेकडे तोंड करून बसायचं. बॅटरीची सेवा त्याने इतक्या निगुतीने चालवली होती की ती पुन्हा एकदाही अडली नाही. वाटेने माणसं जात. रामराम घालत, "चालू व्हयनी वाटतं" म्हणत आणि पुढे जात. हुकूम नव्हता, मग कोण थांबणार. पण वना येतो म्हणाला होता, आणि वना आपल्या मनाने येईल, ही एक आशा हाशमने जपून ठेवली होती.

एके दिवशी तांबडं फुटताना वना खरंच आला. हातात विळा, खांद्यावर घोंगडी, पाय अजून जरा लटपटत होते. तो वाटेवरच थांबला.

"चालू व्हयनी का म्हैस?"

"झाली, आबा. या, बसा. मस्त निखाऱ्यांचा आर पडलाय."

वनाने शेकोटीकडे पाहिलं, मग उगवतीकडे पाहिलं. "आते कसाले?" तो म्हणाला. "ऊन पडी जाई. वावरमा काम शे." आणि हात वर करून चालू लागला.

हाशम उभा राहिला. वना फार लांब गेला नव्हता. बोलावलं असतं तर, खरंच गरज असती तर, तो वळला असता. हाशम ट्रॅक्टरवर चढला. त्याला वाटलं, आत्ता सेल्फ दाबावा आणि नुसतं टक् व्हावं. पण इंजिन केव्हाचंच सुरू होतं.