बेचाळीस नाही, एकोणचाळीस

"आईला छातीतली गाठ कितव्या वर्षी कळली?" पडद्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बेचाळिसाव्या," भाची म्हणाली. "म्हणजे आम्हाला तेव्हा कळली. आईनं लपवलंच होतं. स्वतःचं दुखणं कधी सांगायचीच नाही ती."

मावशी टेबलाच्या कडेला, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं उभी होती. ती या दवाखान्यातली नर्स. पेशंटला खुर्चीत बसवायचं, आवाज येतोय का विचारायचं आणि बाजूला व्हायचं, हे तिचं मंगळवारचं काम. पूर्वी घराण्यात उतरणाऱ्या आजारांबद्दल विचारायला मोठ्या शहरात जावं लागायचं. अख्खा दिवस मोडायचा, म्हणून कुणी जातच नसे. आता डॉक्टरीणबाईच पडद्यावर येत. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांनी पडद्याकडे पाठ करून शर्ट वर केला होता, "इथं दुखतंय, जरा दाबून बघा." हा किस्सा सांगून मावशी नव्या पेशंटची भीड चेपायची. सगळा दवाखाना तिला सिस्टर म्हणे. भाची तेवढी चारचौघांतही "ए मावशी" करायची, आणि मावशीला ते मनापासून आवडायचं.

आज भाचीला तिनंच हात धुऊन मागे लागून आणलं होतं.

डॉक्टरीणबाई घराण्याचा नकाशा काढत होत्या. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ.

"आजोबांच्या बहिणी?"

"दोघी याच आजारानं गेल्या. पण ती आजोबांकडची माणसं. आजीकडे कुणालाच नव्हतं."

"वडिलांकडूनही येतं हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मावशीला ते याच खोलीत, दुसऱ्यांच्या नकाशांवरून कळलं होतं. चौदा वर्षांपूर्वी माहीत नव्हतं. तेव्हा ताईनं स्वयंपाकघराचं दार लोटून तिचा हात धरला होता आणि गाठीवर ठेवला होता.

"बघ गं, काही आहे का?"

"दुखतं का?"

"नाही."

"मग काही नाही. आपल्या आईला होतं का कधी? उगाच डोक्यात घेऊ नकोस."

धाकटी बहीण नर्स, म्हटल्यावर ताई निर्धास्त झाली. हसली, चहा टाकला. तीन वर्षांनी ती अंथरुणाला खिळली आणि सगळे तिच्यावरच चिडले, की इतके दिवस लपवलंस कसं? ताईनं एकदाच धाकटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो, लपवलं. चुकलं माझं."

तेव्हा बोलायला हवं होतं. त्यानंतर अकरा वर्षं, ताई गेल्यावरही, मावशीला रोज तसं वाटलं आणि रोज तिनं तोंड बंद ठेवलं.

"घरात सगळ्यांत कमी वयात ज्याला झालं, त्याच्या त्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून तपासण्या धरू," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "आई बेचाळीस, म्हणजे तुमच्या बत्तिसाव्या वर्षापासून. आज तुम्ही एकोणतीस. अजून तीन वर्षं आहेत."

तीन वर्षं.

"बेचाळीस नाही, एकोणचाळीस," ती म्हणाली.

"कोण बोललं?"

"मी. सिस्टर. ताईनं लपवलं नव्हतं. मला दाखवली होती गाठ. मीच म्हटलं, काही नाही."

भाचीनं मान वळवली नाही. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत तिचा चेहरा दिसत होता, तेवढाच मावशीला दिसला. मावशीनं पडद्यावरून नजर काढून घेतली.

डॉक्टरीणबाईंनी आकडा खोडला. "मग तपासणी याच महिन्यात. बरं झालं सांगितलंत. पण सिस्टर, म्हणजे आईशेजारचा हा गोल तुमचा? तुमची तपासणी झाली आहे का?"



भाची उठली. पर्स खांद्याला लावली. खुर्ची सरळ करून कॅमेऱ्यासमोर नीट ठेवली, मावशी दर पेशंटसाठी ठेवायची तशी.

"बसा, सिस्टर," ती म्हणाली. "तुमचाही फॉर्म भरून घ्या."

दार हळूच लागलं. ती आपटून गेली असती तर बरं वाटलं असतं.

"आवाज येतोय ना नीट?" पडद्यावरून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"येतोय," सिस्टर म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.