उसना कचरा

स्वच्छ गावाच्या स्पर्धेत पहिला नंबर काढायचाच, असं सरपंच योगराजच्या मनानं घेतलं होतं. अडचण एकच होती. गावात कचरा नव्हता.

कामठ्याच्या पुढच्या त्या लहानशा गावात कचरा होणार तरी कुठून? भाजीची देठं गाईला, राख भांड्यांना, शेण नि पालापाचोळा परसातल्या उकिरड्यात. दुधाच्या पिशव्या बाया धुऊन वाळवत आणि त्यांत बियाणं बांधून ठेवत. पंचायतीनं हिरवे-निळे डबे वाटले, तर कुणी त्यांत मोहफुलं भरली, कुणी धान. इतका चांगला डबा घाण करायला कुणाचा हात धजेना.

इकडे बोडीच्या पाळीवर कचरा निवडायची शेड बांधून तयार. बोडी म्हणजे शेतांना पाणी देणारं छोटं तळं. हे योगराजच्या पणजोबानं खणलेलं. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला बोडी दाखवायची, ही त्या घरची रीत.

"तपासणीवाले रिकामी शेड पाहून काय म्हणतील, माय?" योगराज म्हणाला.

"म्हणतील गाव साफ हाये," मनकर्णाबाई म्हणाली. "तेच पाहाले येऊन राहिले ना?"

"तसं नाही राहत. आधी कचरा दिसला पाहिजे, मंग तो साफ केलेला दिसला पाहिजे. त्याचे मार्क राहतात."

मायला यातलं काही कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात तिची काही चूक नव्हती.

शेवटी योगराजनं गुड्डूला गाठलं. गुड्डू एका ठेकेदाराकडे शहरातला कचरा वाहायचा. "एक ट्रॉली इधर डाल दे भाऊ, एक ही दिन की बात है." कचरा नको म्हणणारे गुड्डूनं जन्मभर पाहिले होते, मागणारा हा पहिलाच. त्यानं खुशीनं दोन ट्रॉल्या ओतल्या.

तपासणीच्या दिवशी शेड गजबजली. बाया हातमोजे घालून प्लास्टिक एकीकडे, काच एकीकडे करत होत्या, आणि मधूनच पिझ्झाचा खोका उलटापालटा करून पाहत होत्या. साहेबांनी मोबाईलचा कॅमेरा सुरू केला. "एवढा कचरा येतो कुठून?"

"सारा आमच्याच गावचा, साहेब! याच्या दुप्पट आला तरी निपटवू." हे दुसरं वाक्य योगराजला कुणी विचारलंही नव्हतं.

पहिला नंबर आला, फलक लागला, पेढे वाटले. आणि मग गुड्डूची ट्रॉली रोजच येऊ लागली. एवढी ताकद दाखवणारं गाव दुसरं नाही, तेव्हा शहराचा कचरा इथेच पाठवायचा, असं वर ठरलं होतं.

योगराज धावत साहेबांकडे गेला. "साहेब, हा कचरा आमचा नाही."

साहेबांनी शांतपणे मोबाईल पुढे धरला. पडद्यावर योगराज छाती काढून सांगत होता, सारा आमच्याच गावचा. "तेव्हा खोटं बोललात का? मग फलक काढावा लागेल." योगराज घाम पुसत परत आला.

आधी शेड भरली, मग पाळ, मग कचरा घसरत बोडीत उतरला. एके सकाळी मनकर्णाबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून पिशव्या बाहेर काढताना त्याला दिसली.

"तुया पणज्यानं बोडी खंदली," ती म्हणाली, "अना तू बुजवून राहिला."

योगराजला लाज वाटली, अगदी खरीखुरी. फलक गेला तर जाऊ दे, आज गुड्डूला परत पाठवायचंच, असं ठरवून तो रस्त्यात जाऊन उभा राहिला.

ट्रॉली आली, आणि तिच्यामागोमाग एक जीपही आली. दुसऱ्या तालुक्यातले सरपंच हार घेऊन आदर्श गाव पाहायला आले होते.

"कहाँ खाली करूँ, सरपंचजी?" गुड्डूनं ओरडून विचारलं.

पाण्यातून माय बघत होती. योगराजनं तोंड उघडलं. तेवढ्यात कुणीतरी हार पुढे केला, तशी त्यानं मान वाकवली आणि हातानंच गुड्डूला बोडीकडे खूण केली.

"चला," तो पाहुण्यांना म्हणाला, "आधी चहा घेऊ."