गैबीमायचा होकार

ढाणकीच्या अलीकडे, तांड्याची घरं संपून तुरीची वावरं सुरू होतात तिथे, पळसाखाली गैबीमाय बसते. दगड एकच, डाव्या अंगाला शेंदूर आणि उजव्या खांद्यावर हिरवी चादर. समोरच्या निखाऱ्यावर तांड्यातले लोक तूप-लापशीचा भोग लावतात, आणि त्याच निखाऱ्यावर ढाणकीहून आलेले मुल्लाजी लोबान टाकतात. ही देवी की पीर, हे ठरवायला दोन्हीकडची शहाणी मंडळी अधूनमधून येतात, घसा कोरडा करून घेतात आणि चहा पिऊन परत जातात.

हंसाबाईला या वादाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एकदाचा नवस फेडायचा होता आणि मग नुसतं पडून राहायचं होतं. एकुलता एक मुलगा बादल छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्यापासून दवाखान्यांच्या बाकांवर बसून बसून तिची कंबर गेली होती, आणि आता रडूसुद्धा येत नव्हतं. शेवटी ती गैबीमायला बोकडाचा नवस बोलली, बोकड आणून बादलच्या खाटेच्या पायाला बांधला, आणि महिना उलटायच्या आत बादल उठून बसला. भाकरी मागून खाल्ली, वावरात गेला. खोकला कधी नव्हताच असा गेला. माय पावली, असं सगळा तांडा म्हणाला.

मग बोकड खोकू लागला.

जनावरं खोकतात, त्यात काय विशेष. हंसाबाईने त्याला हळद-गूळ चारला. पण दोनदा कोरडं खोकायचं, मग श्वास आत ओढायचा आणि तो ओढताना मान डावीकडे टाकायची, ही तऱ्हा तिने बादलच्या उशाशी बसून इतके दिवस पाहिली होती की पाठ वळवूनही तिला ती कळायची. ती भांडी घासायला बसली की बोकड दोर ताणून तिच्याकडे तोंड करून उभा राहायचा. बादल धडधाकट होता, सुनेला पाणी भरू लागत होता. मात्र दर उबळीमागे ‘याडी, याडी’ म्हणून आईला हाका मारणारा तो मुलगा बरा झाल्यापासून तिला कसलीच हाक मारत नव्हता. दारापाशी येऊन थांबायचा, आणि कुणी ये म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकत नसे.

“माय, तुमी कायले एवढा इचार करता?” सून पुष्पा म्हणाली. “माणूस उठून बसला, अजून काय पाह्यजे?”

खरंच, अजून काय पाहिजे होतं?

नवस फेडायची रीत सोपी आहे. बोकडाच्या पाठीवर पाणी ओतायचं. त्याने अंग झटकलं की मायने होकार दिला. तोवर मुल्लाजी सुरी रुमालाखाली झाकून पाठमोरे उभे राहतात, कारण माय काय उचलते ते सुरीवाल्याने पाहू नये. नवस बोललेल्या बाईने ‘झटकलं’ म्हटलं की ते वळतात. वळल्यावर सुरी कोरडी परत गेली, असं त्यांच्या घराण्यात कधी झालेलं नाही. आणि नवस राहून गेला, तर दुखणं दुपटीने परत येतं, हे तांड्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे.

गुरुवारी ऊन चढल्यावर सगळे पळसाखाली जमले. दोर बादलच्या हातात होता. बायकांनी गाणं धरलं, हंसाबाईने तांब्या ओतला. बोकड हलला नाही. पोटावरून पाणी निथळत राहिलं, तो दोनदा खोकला आणि तिच्याकडे बघत उभा राहिला. तिने पुन्हा ओतलं, पुन्हा ओतलं. गाणं दमलं, बायका खाली टेकल्या.

“झटकलं का वो, हंसाबाई?” मुल्लाजींचे गुडघे दुखत होते.

“नाई अजून.”

“माय, थोडं कानात टाका,” पुष्पा हळूच म्हणाली.

हंसाबाईने कानात पाणी टाकलं. बोकडाने डोळे मिटले आणि एक पाऊल पुढे येऊन कपाळ तिच्या गुडघ्याला टेकवलं.

तेव्हा पलीकडे उभ्या असलेल्या बादलच्या हातातून दोर सुटला. त्याच्या अंगावर पाण्याचा एक थेंबही उडाला नव्हता. आधी मान, मग खांदे, मग पाठ, अशी एक थरथर त्याच्या अंगातून टाचांपर्यंत गेली, आणि त्याने सबंध अंग जोराने झटकलं. मग मान जराशी पुढे काढून तो निमूट उभा राहिला.

गाणं थांबलं. ते ऐकून पाठमोऱ्या मुल्लाजींनी विचारलं, “झटकलं का?”

पुष्पाने सासूचं मनगट घट्ट धरलं. “माय, घरी चाला. राहू द्या नवस.”

“राहू दिला त दुखणं वापस येते, बाई.”

“येऊ द्या! माय, तुमच्या पाया पडतो…”

हंसाबाईने बादलकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. ती फार थकली होती, आणि गुडघ्यापाशी ओलं अंग थंडीने कापत होतं.

“झटकलं,” ती म्हणाली.

मग ती खाली बसली आणि ओढणीने बोकडाची पाठ पुसू लागली, मान, कान, छाती, जरासुद्धा ओल राहू नये म्हणून जपून. पाठीमागे मुल्लाजी वळले, पुष्पा किंचाळली, तरी तिने मान वर केली नाही.