शेठचा निळा पट्टा

मित्रांनो, दारामागच्या खिळ्यावर छत्रीच्या शेजारी एक विटका निळा पट्टा लोंबकळतोय ना, तोच मी. आता मी जुना झालो आहे. माझं बक्कल गंजलं आहे आणि पोटाकडच्या पट्टीला कसर लागली आहे. घरी आलेला नवा माणूस मला बघून विचारतो, "ही कुठल्या पिशवीची पट्टी?" मला याचा फार राग येतो. मी पिशवीचा कोणी लागत नाही. मी कोटाच्या घराण्यातला आहे आणि एका बोक्याला बाहेरचं जग मी दाखवलं आहे.

माझा जन्म याच घरात झाला. घर दुसऱ्या मजल्यावरचं, दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत संसार आणि पुढच्या खोलीत शिंपीमास्तरांचं दुकान. तिथे इस्त्रीचं टेबल, भिंतीवर उभा आरसा आणि खिडकीपाशी हाताने फिरवायची जुनी मशीन. ती मास्तरांच्या वडिलांची होती. पायाच्या मशीनवर मास्तरांचं मन कधी बसलंच नाही. मास्तर कामाला वाघ होते, पण बोलायला अगदी कमी. त्यांच्या वाट्याचं बोलणं त्यांची बायको बोलून घ्यायची. तिला सगळी इमारत मामी म्हणायची. मामी काज-बटणं करायच्या आणि गिऱ्हाइकांना तारखाही त्याच द्यायच्या.

आणि इस्त्रीच्या टेबलाच्या उबदार टोकावर पसरलेला असायचा शेठ. तांबूस पिवळा, गुबगुबीत बोका. दुकानात कोणी आलं की तो एकच डोळा उघडून त्याला वरपासून खालपर्यंत बघायचा, जणू दुकान त्याचं आणि मास्तर पगारी. म्हणून त्याचं नाव शेठ.

पण या शेठला एका गोष्टीची परवानगी नव्हती. त्याला बाहेर जाता येत नव्हतं. त्याच्या आधी मामींची एक पांढरी मांजर होती. ती रस्त्यावर गाडीखाली गेली. मामींनीच तिला उचलून आणलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं, घरातलं जनावर पुन्हा उंबरा ओलांडणार नाही. खिडक्यांच्या काचा बंद झाल्या. गिऱ्हाइकांनाही शिस्त लागली. दार जरासंच उघडायचं, आधी एक पाय आत घालून वाट अडवायची आणि मग तिरकं होऊन शिरायचं. कोटाचं माप द्यायला आलेले मोठे साहेबही असेच खेकड्यासारखे आत यायचे.

शेठ मात्र दिवसाचे निम्मे तास त्या दाराशीच बसायचा. उरलेला वेळ खिडकीत. समोरच्या कठड्यावर कबुतर बसलं की त्याच्या तोंडातून बारीक कचकच असा आवाज निघायचा आणि शेपटीचं टोक थरथरायचं. काचेला नाक लावून लावून तिथे एक धुरकट ठिपका पडला होता. मामी तो पुसायच्या आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पडायचा.

"बाहेर काय ठेवलंय तुझ्या बापाने?" मामी म्हणायच्या. "वेळेवर खातोस, ऊन आहे, उशी आहे. सुख बोचतं, दुसरं काय."

 मास्तरांची मशीन मात्र खिडकीपाशीच होती. त्या बोक्याची पाठ दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोर असायची. मला वाटतं, ती पाठच त्यांना बघवेना.

एके दिवशी गर्द निळ्या कोटाचं काम संपलं. थोडं कापड उरलं, आतल्या मऊ अस्तराचा एक तुकडाही उरला. मास्तरांनी जुन्या दप्तराचं बक्कल शोधून काढलं. शेठ झोपेत होता, तेव्हाच त्यांनी टेप घेऊन त्याच्या छातीचं आणि पोटाचं माप घेतलं. मग मला कापलं, दुहेरी शिवण घातली, आणि एक लांब दोरी जोडली. मला गळ्यात घालायचं नव्हतं. मी छातीभोवती आणि पोटाभोवती बसणारा होतो, म्हणजे गळा आवळू नये. ज्या कापडातून मी निघालो त्याचा कोट पुढे कोणाच्या तरी लग्नात मिरवला असेल. मला त्याचा हेवा वाटला नाही, असं म्हणणार नाही. पण त्याला वर्षातून एकदाच कपाटाबाहेर काढत असतील. माझं तसं झालं नाही.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. मास्तरांच्या हाताला एक सवय होती. शाळेचे गणवेश शिवून शिवून ती लागली होती. कोणाचंही माप घेतलं की ते दोन बोटं सैल धरायचे. "वाढतं अंग आहे," म्हणायचे. पोरांच्या आया त्यांना यासाठी दुवा द्यायच्या. मलाही त्यांनी तसंच दोन बोटं सैल शिवलं.

मामींनी मला हातात घेतलं, फिरवून बघितलं. "अहो, चांगला घोडा झालाय तो. अजून किती वाढणार?"

"असू दे गं. हाताची सवय आहे."

मला अंगावर चढवलं तेव्हा शेठ एका कुशीवर धाडकन पडला आणि लाकडासारखा पडूनच राहिला. मामी घाबरल्या. मास्तरांनी खाण्याची वाटी लांबवर नेऊन ठेवली. थोड्या वेळाने शेठ पोटावर सरपटत निघाला, मग चार पायांवर आला, आणि वाटीपर्यंत पोहोचेपर्यंत मला विसरूनही गेला.

मामींनी परवानगी दिली, ती कुरकुरतच. फक्त अंगणात जायचं आणि फाटकाच्या जवळही फिरकायचं नाही. अंगण म्हणजे इमारतीच्या पुढची, आमच्या खिडकीखालची फरशी. तिथे एक नळ, रांगेत लावलेल्या स्कूटर, एक झाड, आणि कोपऱ्यात पाण्याच्या पंपाची अंधारी खोली. एवढंच. पण शेठने तिथे पहिलं पाऊल टाकलं आणि मला त्याची छाती धडधडताना जाणवली. पाय उचलायचा, हवेत धरायचा, विचार करून खाली ठेवायचा. एकेका स्कूटरचं चाक त्याने हुंगलं. फरशीच्या फटीतलं गवत चावून बघितलं. मित्रांनो, कितीतरी पट्टे नुसते बांधायच्या कामी येतात. मला मात्र मोकळं करायचं काम मिळालं होतं आणि तो आनंद मी आजही विसरलेलो नाही.

तळमजल्यावर एक निवृत्त ड्रायव्हर राहायचे. संध्याकाळी ते खुर्ची टाकून अंगणात बसायचे.

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही त्याला फिरवताय का तो तुम्हाला?"

"ज्याला जसं दिसेल तसं," मास्तर म्हणाले. एवढं लांब वाक्य ते बाहेरच्या माणसाशी क्वचितच बोलले असतील.

काही दिवस फार छान गेले. मग एका संध्याकाळी नळावर कोणाच्या तरी हातातून पत्र्याची बादली सुटली. केवढा आवाज झाला! शेठ पुढे पळाला असता तर मी त्याला धरलं असतं. तो मागे सरकला. खांदे आवळले, डोकं खाली घातलं, आणि त्या दोन बोटांच्या सैलपणातून तो माझ्यामधून निघून गेला. मी फरशीवर पडलो. मास्तर दोरी धरून उभे होते आणि दोरीच्या टोकाला मी रिकामा होतो.

त्यांनी अंगण पालथं घातलं, फाटकाबाहेर जाऊन रस्त्याची दोन्ही टोकं बघितली. शेवटी मला मुठीत धरून ते जिना चढले. मामींनी दार उघडलं. सवयीने त्यांनी आधी एक पाय आडवा घातला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की अडवायला कोणी नाही.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कपडा सैल झाला तर गिऱ्हाईक परत येतं. हा कुठून येणार आता? जाळून टाका तो पट्टा."

मास्तरांनी मला जाळलं नाही. चिंध्यांच्या ढिगाखाली सारून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद राहिलं. मामी सकाळपासून खालीच होत्या, वाटी वाजवत आणि हाका मारत. दुपारी ड्रायव्हरकाका वर आले आणि म्हणाले, पंपाच्या खोलीत, पाइपांच्या मागे दोन डोळे चमकताना दिसले. सगळे धावले. तिथे काय झालं ते मी नंतर ऐकलं. शेठच होता. ज्याला आयुष्यभर बाहेर जायचं होतं, तो बाहेर आल्याबरोबर सगळ्यात जवळच्या अंधारात जाऊन बसला होता. हात घातला की तो आणखी आत सरकायचा. हाकेला येईना, वाटीला येईना. पंप सुरू झाला असता तर घाबरून कुठे पळाला असता, देव जाणे. ड्रायव्हरकाकांनी पंपाचं बटण कोणी दाबू नये म्हणून तिथेच खुर्ची टाकली.

मग मास्तरांना सुचलं. शेठ जन्मभर एका आवाजावर झोपला होता. ते वर आले, मशीन उचलली आणि छातीशी धरून जिना उतरू लागले. लोखंडी मशीन ती, चांगलीच जड. दर वळणावर थांबून श्वास घ्यायचे, पण कोणाच्या हाती देईनात. मामी त्यांच्या मागे वर आल्या होत्या. दुकानात त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग खाली वाकल्या, चिंध्या बाजूला केल्या आणि मला उचललं. मला वाटलं, आता माझी वेळ भरली.

अंगणात, पंपाच्या खोलीच्या दाराशी, मास्तर फरशीवर मांडी घालून बसले. समोर मशीन. गॅलरीतून सगळी इमारत वाकून बघत होती. वरून कोणीतरी म्हणालं, "मास्तर, दुकान हलवलं का?" मास्तरांनी मशीनच्या चाकाला हात घातला, तेवढ्यात मामी म्हणाल्या, "थांबा. रिकामी फिरवू नका, दात झिजतात मशीनचे." आणि त्यांनी मला सुईखाली ठेवलं. "हा घ्या. दोन बोटं आत घ्या."

मास्तरांनी चाकावरचा हात काढला. "अगं, तूच म्हणालीस ना, जाळून टाका?"

"म्हणाले होते." मामींनी वर बोट दाखवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खिडकीकडे. बंद काचेवर तो धुरकट ठिपका खालूनही दिसत होता. "सकाळपासून मला तेवढंच दिसतंय इथून. आतून कधी एवढं दिसलं नव्हतं. हाती आला ना, तर रोज खाली आणीन मी त्याला. मी स्वतः."

मशीन चालू झाली. टकटक टकटक, अगदी वरच्यासारखी. सुई माझ्यातून जात होती, मला आवळत होती, आणि माझं सगळं लक्ष त्या अंधाऱ्या दाराकडे होतं. एक शिवण झाली, दुसरी झाली. मास्तरांनी हात थांबवला नाही. मग पाइपांमागून धुळीने माखलेलं एक डोकं बाहेर आलं. शेठ आला, मशीनला एक अंग घासून मास्तरांच्या मांडीवर चढून बसला. मामी तिथेच फरशीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

त्यानंतर मामींनी शब्द पाळला. संध्याकाळी हातातलं काम खाली ठेवायचं, मला खिळ्यावरून काढायचं आणि शेठला घेऊन खाली जायचं. पहिले कितीतरी दिवस त्या दोरी मनगटाला दोन वेढे देऊन धरायच्या. हळूहळू ते वेढे सुटले. काच पुसायची गरज कमी झाली. खाली गप्पा व्हायला लागल्या. ड्रायव्हरकाकांनी मामींसाठी दुसरी खुर्ची आणून ठेवली. पोरं शेठला बघायला यायची आणि मला बोट लावून म्हणायची, "काय मस्त शिवलाय!" तेव्हा मी ताठ व्हायचो. मास्तर मात्र येईनासे झाले. कामं वाढली होती आणि पुढे गुडघेही धरले. ते मशीनवर बसून खिडकीतून खाली बघायचे.

अशी कितीतरी वर्षं गेली. शेठच्या तोंडावरचे केस पांढरे झाले. तो अंगणात यायचा, पण चालायचा नाही. मामी त्याला मांडीवर घेऊन बसायच्या आणि तो डोळे मिटून वारा घ्यायचा. मी त्याला आता पुन्हा सैल होत चाललो होतो. मग एका सकाळी तो इस्त्रीच्या टेबलावरून उठलाच नाही.

मला खिळ्यावर अडकवलं गेलं, ते कायमचंच. छत्रीला निदान पावसात तरी मान असतो, मला कोणी हात लावेना. मामी संध्याकाळी अजून उठायच्या, हात पुसायच्या, दारापर्यंत यायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि परत जाऊन बसायच्या. खालची त्यांची खुर्ची रिकामीच राहिली. त्या पुन्हा घरात बंद झाल्या आणि हे माझ्याच डोळ्यांसमोर झालं. मला काही करता येत नव्हतं.

परवाची गोष्ट. संध्याकाळ झाली. मामी उठल्या, दाराशी आल्या, थांबल्या. मागे मशीनचा आवाज बंद झाला. मास्तर मशीनवरून उठले, भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत दाराशी आले.

"चल, खाली जाऊन ये," ते म्हणाले.

"कुणाला घेऊन जाऊ आता?"

मास्तरांनी पायात चपला सरकवल्या. "मला ने," ते म्हणाले. "एवढी वर्षं खिडकीत मीही बसलोय. जिना उतरताना हात तेवढा धर."

मामींनी त्यांचा हात धरला. दार उघडलं, पूर्ण उघडलं. जिन्यावर दोघांची पावलं किती तरी वेळ ऐकू येत होती, आणि मग अंगणातून ड्रायव्हरकाकांची हाक आली.

मला ते घेऊन गेले नाहीत. मला वाईट वाटलं नाही. मित्रांनो, एवढंच सांगतो. तुमच्याही घरात कोणीतरी दाराशी किंवा खिडकीशी बसत असेल. ते चार पायांचं असेल किंवा दोन पायांचं. बाहेर धोका आहे म्हणून दार लावून घेणं ही काळजी खरीच, पण ती अर्धी काळजी आहे. उरलेली अर्धी करायला रोज थोडा वेळ काढावा लागतो आणि सोबत जावं लागतं. आज ते बाहेर न्यायला सांगतील, उद्या सांगायचं सोडून देतील. त्याआधी उठा आणि त्यांना खाली घेऊन जा.