माझ्या शिंगांचा लिलाव

मी एक म्हातारा काळा गेंडा आहे. मित्रांनो, तुम्ही मला चित्रात पाहिले असेल, पण मी तुम्हाला पाहू शकणार नाही. आमच्या जातीचे डोळे अगदीच कामचलाऊ असतात. झाड कोणते आणि झाडाला टेकून उभा असलेला माणूस कोणता, हे मला थोड्या अंतरावरूनही सांगता येत नाही. ती उणीव देवाने नाकाने आणि कानांनी भरून काढली. कोण आले, काय खाऊन आले, घाबरलेले आहे की मग्रूर आहे, हे मला वाऱ्यावरून कळते. तेव्हा मी सांगतो ते सारे ऐकलेले आणि हुंगलेले आहे. आणि मी ते रागाने सांगणार आहे. शांतपणे सांगावे असे त्यात काही नाही.

नामिबियातल्या कुनेनेच्या दगडाळ माळावर माझा जन्म झाला. मी आईच्या पोटाखालून नुकताच बाहेर पडून चरायला शिकत होतो, तेव्हाची गोष्ट. मोठा दुष्काळ होता. आई शेर-निवडुंगासारख्या दुधाळ झुडपाच्या फांद्या कडाकडा मोडून चघळत होती. वाऱ्याने दिशा बदलली आणि शेळीच्या चरबीचा, धुरकट तंबाखूचा वास आला. पाठोपाठ बार झाला. आई गुडघ्यांवर बसली आणि पुन्हा उठली नाही. त्या माणसाने कुऱ्हाडीने तिची शिंगे तोडली. मी तिच्या अंगाला चिकटून ओरडत राहिलो. त्याने मला हाकललेसुद्धा नाही.

त्या माणसाचे नाव सिमसन. तो पकडला गेला, तुरुंगात गेला आणि सुटून आला. पुढे काही वर्षांनी तोच वास पुन्हा माझ्या मागे चालू लागला. या वेळी त्याच्यासोबत बंदूक नव्हती. गावाने आमची राखण करायला समिती नेमली होती, आणि गेंडे कुठे असतात हे सिमसनपेक्षा चांगले कोणाला ठाऊक असणार? तेव्हापासून तो रोज माझा माग काढत आला. मी जिवंत आहे हे बघायचे आणि पुढच्या गेंड्याकडे जायचे, हे त्याचे काम. त्याची भाची हेंड्रिना मोठी झाल्यावर तीही या कामाला लागली. लोक म्हणतात, सिमसनने पापाची फेड केली. केली असेल. मी त्याला माफ केलेले नाही. निदान चार वेळा मी त्याला झाडावर चढवले आहे.

"मामा, पळा! ओम फ्रिट्स निघाला!" हेंड्रिना ओरडायची, तोवर ती स्वतः दुसऱ्या झाडावर चढलेली असायची.

ओम फ्रिट्स म्हणजे मीच. इकडे वडीलधाऱ्या माणसाला ओम म्हणतात. गावात फ्रिट्स नावाचा एक दुकानदार आहे. पोरांनी गोळ्यांच्या बरणीला हात लावला, की तो असाच अंगावर धावून जातो. त्याच्यावरून माझे नाव पडले. खऱ्या फ्रिट्सला ते मुळीच आवडले नाही.

माझी भरभराटीची वर्षे याच माळावर गेली. दूरदेशीचे लोक गाड्या भरून यायचे आणि टेकडीवरून माझे फोटो काढायचे. माझे पुढचे शिंग इतके लांब, की पाहणारा आधी गप्प व्हायचा आणि मग कुजबुजायचा. माझी पिल्लेही या माळावर पुष्कळ झाली. मग दात झिजले, सांधे आखडले, माद्या मला टाळू लागल्या. एकदा एक तरणा नर माझ्या झऱ्यावर आला. मी त्याला बजावले, तो हटला नाही. मी त्याच्या बरगड्यांत शिंग घातले. दोन दिवसांनी तो मेला. याचा मला अभिमान नाही. पण गेंडा झऱ्यावर असेच वागतो, त्याला दुसरे काही येत नाही.

माणसांना मात्र एवढेच हवे होते. शहरात कुठेतरी कागदावर लिहिले गेले, की हा नर म्हातारा आहे, पिल्ले देत नाही, वर तरण्यांना मारतो. तेव्हा त्याच्या शिकारीचा परवाना विकावा आणि त्या पैशात बाकीचे गेंडे वाचवावेत. समुद्रापलीकडे एका मोठ्या हॉटेलात लिलाव झाला. लोकांनी जेवता जेवता हात वर केले. मित्रांनो, मी तेव्हा इथे चिखलात लोळत होतो. आपण विकले गेलो, याचा मला पत्ताही नव्हता.

पत्ता लागला तो गावच्या सभेत. कोरड्या नदीच्या पात्रात मोठ्या काट्याच्या झाडाखाली सभा भरली. मी पलीकडच्या काठावर झुडपात दुपारची झोप काढत होतो, आणि वारा माझ्याकडे वाहत होता.

समितीची अध्यक्ष अलेट्टा बोलत होती. जाडजूड, वय झालेली, दम लागणारी बाई, पण आवाज असा की शेळ्यासुद्धा चरायच्या थांबतात. तिच्या शेजारी शिकारीच्या कंपनीचा माणूस रोल्फ बसला होता.

"पाहुणे खरे निसर्गप्रेमी आहेत," रोल्फ म्हणाला. "त्यांना शिंगांची हौस नाही हो. ते ही जात वाचवायला येतायत."

सिमसन हसला. "मी या गेंड्याच्या आईला मारलं तेव्हा घरात दाणा नव्हता. शिंगाच्या बदल्यात मक्याची गोणी मिळाली. मला चोर म्हणून आत टाकलं. आता ज्याच्या घरी कोठारं भरलीयत तो मारणार, आणि आपण टाळ्या वाजवायच्या?"

"हो, वाजवायच्या!" अलेट्टा कडाडली. "गाडीत डिझेल नाही, सिमसन. राखणदारांचा पगार या वेळी कुठून द्यायचा, सांग ना. दुष्काळात पर्यटक येत नाहीत. माझ्या मोबाइलवर साऱ्या जगातून शिव्या येतात. खुनी म्हणतात मला. त्यातल्या एकाने तरी विचारलं का, की बाई, तुमच्या माणसांनी आज काय खाल्लं?"

तिचे खोटे नव्हते, म्हणूनच मला जास्त राग आला.

"मारायचा तर मारा," दुकानदार फ्रिट्स मागून म्हणाला, "पण आधी त्याचं नाव बदला. उद्या पेपरात छापून येईल, ओम फ्रिट्सला गोळी घातली. माझी बायको मिरवणूक काढेल."

सगळे हसले. माझ्या मरणाचा निर्णय हसण्यावारी झाला, मित्रांनो.

पण खरा संताप पुढेच आहे. शेजारच्या खोऱ्यात शिंगचोर आल्याची खबर होती. सरकारी डॉक्टर हेलिकॉप्टर घेऊन सगळ्या गेंड्यांची शिंगे कापायला येणार होते. शिंग म्हणजे आमचे नखच. कापले तर दुखत नाही, पुन्हा वाढते, आणि शिंगच नसेल तर चोर सहसा गोळी वाया घालवत नाही. रोल्फने मोडता घातला. हेलिकॉप्टरच्या आवाजाने मी बुजून लांब पळालो असतो आणि पाहुण्याची शिकार चुकली असती. "शिकार होऊ द्या, मग खुशाल कापा," तो म्हणाला. अलेट्टाने सही केली. आमच्या साऱ्या खोऱ्याची शिंगे जागच्या जागी राहिली.

मग चोर आले.

मला आधी रक्ताचा वास आला. मी त्या दिशेने गेलो. वरच्या घळीत राहणारी मादी आडवी पडली होती. तिच्या तोंडाचा पुढचा भाग जागेवर नव्हता. तिचे पिल्लू तिच्या पोटाशी ढुशा देत होते, बारीक आवाजात ओरडत होते. आम्ही नर पिल्लांची काळजी घेत नाही. आमची तशी रीतच नाही. तरी मी तिथून हललो नाही. गिधाडे उतरली की मी धावून जायचो, पुन्हा येऊन उभा राहायचो.

सकाळी सिमसन आणि हेंड्रिना माग काढत आले. मला पाहून झाडामागे थांबले. या वेळी मी त्यांच्या अंगावर गेलो नाही. हेंड्रिना खाली बसली आणि ढसाढसा रडली.

थोड्या वेळाने गाडीतून अलेट्टा आली, सोबत रोल्फ.

"फार वाईट झालं," रोल्फ म्हणाला. "बघा, म्हणून तर हा पैसा किती गरजेचा आहे."

"तोंड बंद कर!" हेंड्रिना ओरडली. "तुझ्या पैशासाठी हिची शिंगं ठेवली. तुझ्या पैशानंच मारली हिला!"

"अलेट्टाबाईंशी बोलतोय मी. पोरींनी मध्ये पडू नये."

"ती बोलेल," अलेट्टा म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. ती मादीजवळ गेली. मग म्हणाली, "रोल्फ, माझी सही मी परत घेते. डॉक्टरांना आजच बोलावते. सगळ्यांची शिंगं कापायची. याचीसुद्धा."

"याची? अहो, करार झालाय!"

"करार शिकारीचा आहे ना? गेंडा इथंच आहे. तुझ्या पाहुण्यांना शिंगांची हौस नाही, तू सगळ्या गावासमोर सांगितलंयस. मग बिनशिंगाचा मारतील आणि ठरलेला पैसा देतील. मी शब्दाला धरून चाललेय."

दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आले आणि आकाश गरगरू लागले. पुठ्ठ्यात गुंगीची सुई रुतली, पाय माझे राहिले नाहीत. डोळ्यांवर कापड आले. करवतीचा कर्कश आवाज आणि जळक्या नखाचा वास एवढेच आठवते. उठलो तेव्हा डोके इतके हलके, की पहिल्याच पावलाला नाक जमिनीवर आपटले. पिल्लाला त्यांनी गाडीत घालून दूर नेले. ते बाटलीने दूध पिऊ लागले, असे हेंड्रिना नंतर सिमसनला सांगत होती.

आठवड्याने पाहुणे आले. सिमसनने त्यांना थेट माझ्यासमोर आणून उभे केले. वाऱ्याला पुदिन्याच्या गोळीचा आणि बंदुकीच्या तेलाचा वास होता. मी कान टवकारून उभा राहिलो. पळायला सांधे साथ देत नव्हते, आणि मला पळायचेही नव्हते.

"हाच तो," सिमसन म्हणाला. "घ्या नेम."

"हे काय?" पाहुण्याचा आवाज चिरका झाला. "शिंगं कुठेत?"

"डॉक्टरांच्या पेटीत, कुलपात," हेंड्रिना म्हणाली. "साहेब, तुम्ही तर जात वाचवायला आलात ना? तो म्हातारा आहे, तरण्यांना मारतो, सगळं तसंच आहे. पैसाही तितकाच कामाला येईल. फक्त भिंतीवर लावायला काही मिळणार नाही."

सिमसनचे काळीज धडधडत होते. मला ते ऐकू येत होते. माझ्या आईला मारणारा हा माणूस आता माझ्या जिवावर पैज लावून उभा होता. अजून त्याचा मला संताप येतो.

बंदूक वर आली. बराच वेळ वरच राहिली. मग खाली गेली.

"याला मी काय करू?" पाहुणा म्हणाला. "शिंगं वाढली की कळवा."

आणि तो गेला. पैसाही गेला. जगाने आनंद साजरा केला, असे ऐकले. माझ्या नावाने लोक म्हणे एकमेकांना हृदयाची चित्रे पाठवत होते. गावात मात्र राखणदारांना घरी बसवले. हेंड्रिना किनाऱ्यावर मासळीच्या कारखान्यात कामाला गेली. सिमसन बिनपगारी चालत राहिला, मग त्याचा गुडघा गेला. माझ्या मागचा तो वास बंद झाला. आयुष्यभर ज्याचा तिरस्कार केला, तो वास नाही म्हणून मी दोन रात्री झोपलो नाही. यानेही मला रागच येतो.

आता मागे एकच पावलांचा आवाज असतो, जड, फरफटणारा. अलेट्टा येते. दगडावर बसते, धापा टाकते, पदराने घाम पुसावा तसे डोक्याच्या रुमालाने तोंड पुसते, आणि मला शिव्या घालते.

"म्हाताऱ्या, तू मेला असतास तर डिझेल तरी आलं असतं," ती म्हणते. "तुला वाचवून मी माझी राखणदार पोरं देशोधडीला लावली. खा, खा मेल्या ते काटे. असाच जग आता."

मग ती कण्हत उठते आणि पुढच्या गेंड्याला शोधायला निघते. तिचे पाय सुजलेले असतात, ते चालीवरून कळते. तिच्यावर धावून जावेसे मला कधी वाटले नाही.

मित्रांनो, मला मारायला निघालेला पैसा घेऊन आला होता. मला वाचवा म्हणून ओरडणारे रिकाम्या हातांनी आले आणि ओरडून झाल्यावर झोपी गेले. दोघांचाही मला सारखाच राग आहे. तुम्हाला आम्ही हवे असू, तर आमच्या जिवाची किंमत आमच्या मरणातून काढू नका. ती तुमच्या खिशातून, तुमच्या घामातून द्या, आणि दरवर्षी द्या. आणि माझ्यासाठी रडू नका, मला त्याचा उपयोग नाही. उद्या सकाळी ती म्हातारी एकटीच घळ चढणार आहे. तिच्याबरोबर चालायला कोण येते आहे, तेवढे सांगा.