पूर्णेवरची दुसरी खेप

मित्रांनो, वामनरावांच्या गोठ्यामागे, कडब्याच्या आडोशाला एक गंजका लोखंडी गोळा पडलेला आहे. कोंबड्या त्याच्या पोटात खुशाल अंडी घालतात. तो गोळा म्हणजे मी. मी एक जुनं, नावेचं इंजिन आहे. बुलढाणा जिल्ह्यात नावेचं इंजिन कुठून आलं बुवा, असं म्हणून हसू नका. माझी हकिगत हसण्यासारखी नाही.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचं अंग, एकच सिलिंडर आणि स्वभाव थोडा तापट. मुंबईच्या बंदरात मी एका साहेबाची होडी चालवत असे. साहेब मायदेशी गेला आणि मी लिलावात निघालो. तिथे वऱ्हाडातले एक हौशी जमीनदार आले होते, ते हे वामनराव. त्यांची अर्धी शेती पूर्णा नदीच्या पलीकडे. त्यांनी मला आगगाडीनं नांदुऱ्याला आणलं, तिथून बैलगाडीनं नदीकाठच्या त्यांच्या गावी नेलं आणि एका मजबूत नावेत बसवलं. बायकांनी मला हळदकुंकू लावलं. पार वडनेर भोलजीची माणसं मला बघायला येत आणि मी फटफट सुरू झालो की दोन पावलं मागे सरत. मी भलताच फुगून गेलो होतो!

माझी देखभाल पुंजाजी आणि त्यांची बायको झुंबरबाई यांच्याकडे होती. दोघं मिरच्या-वांग्यांचा मळा करत आणि नावही सांभाळत. नाव चालवायची पुंजाजींनी आणि रोज सकाळी माझ्या पोटातला खुणेचा गज काढून तेल तपासायचं झुंबरबाईंनी, अशी वाटणी होती. मित्रांनो, माझ्या अंगाभोवती नदीचं पाणी फिरतं आणि अंगात तेल फिरतं. पाणी मला निववतं, तेल माझे सांधे मऊ ठेवतं. दोघांच्या मधे धातूची एक पातळ चकती असते, तिला पॅकिंग म्हणतात. ते पॅकिंग फाटलं आणि पाणी तेलात उतरलं, की माझा सत्यानाश ठरलेला.

त्या वर्षी दसऱ्यानंतर ते फाटलं. पाणी थेंबाथेंबानं माझ्या पोटात उतरू लागलं. पाणी खाली आणि तेल वर, त्यामुळे गजावर तेल खुणेच्या वर चढलेलं दिसू लागलं. झुंबरबाईंनी ते बरोबर पाहिलं. घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "अहो, आयकलं का? इंजिनातलं तेल वाढलं."

आता गंमत ऐका, नव्हे, घात ऐका. त्या घरात 'संपलं' हा शब्द अभद्र. कुंकू संपलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. मीठ वाढतं, तेल वाढतं, दिवाही विझत नाही, वाढतो. पुंजाजींच्या आईनं सुनेला पहिल्याच वर्षी ते पढवलं होतं. तेव्हा पुंजाजींना जे ऐकू यायचं तेच आलं. "हाव, टाकतो," म्हणाले आणि भरलेल्या पोटात त्यांनी आणखी तेल ओतलं. पुढे झुंबरबाईंनी पुन्हा सांगितलं, तेल वाढलं. पुंजाजींनी पुन्हा ओतलं. त्यांना वाटलं, इंजिन म्हातारं झालं, तेल फार पितं. झुंबरबाईंना वाटलं, भरलेल्यात ओततात खरे, पण गड्यामाणसाला कळत असेल. तेलाचा डबा असा रिकामा झाला आणि मी ओरडून ओरडून थकलो. माझा धूर पांढरा झाला, आवाज घोगरा झाला.

शेवटी पुंजाजींनी नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनातल्या फिटरला बोलावलं. त्याचं नाव इंद्रभान. तो सकाळीच आला आणि त्यानं गज उपसला. गजावर पांढरा फेस.

"पुंजाजीभाऊ, हे तेल हाय का ताक?"

त्यानं तवा मागवला, तापवला आणि त्यावर माझं तेल शिंपडलं. ते तडतडून उडालं. "पानी हाय तेलात," तो म्हणाला. मग थोडं तेल लोट्यात निवळायला ठेवलं. तळाशी गढूळ गाळ बसला. "पावसाचं पानी असतं तं साफ असतं. हे नदीचं हाय. आतूनच येऊन राह्यलं. पन एवढं तेल वतलं कोनं?"

"मी वतलं," पुंजाजी झुंबरबाईंकडे बोट दाखवत म्हणाले. "हे म्हने वाढलं, म्हून वतलं."

"अहो, वाढलं म्हंजे खरंच वाढलं होतं! खुणेच्या वर चढलं होतं!"

"मंग वर चढलं म्हनाव ना व!"

"आता वाढलं म्हंजे काय, हे तुमच्याच मायनं शिकोलं ना मले!"

इंद्रभान हसला. पुंजाजीही हसू लागले होते. तेवढ्यात काठावरून आरोळी आली.

"पूर! वरून पूर येऊन राह्यला!"

दसरा उलटला की पूर्णेला पूर येत नाही, अशी सगळ्यांची समजूत. म्हणून तर नदीच्या मधोमध असलेल्या गाळाच्या बेटावर भाजी लावलेली होती आणि तिथल्या खोपीत पुंजाजींची लेक शालूबाई राहत होती. जावई मिरच्या घेऊन खामगावला गेलेला. खोपीत शालूबाई, तिचं तान्हं लेकरू आणि तिची सासू सत्यभामाबाई, एवढीच तिघं. पाणी बेटाच्या कडा कुरतडू लागलं होतं. लोकांनी एक डोंगा घातला, पण वल्ही चालेनात. धारेनं त्याला गरगर फिरवलं आणि खाली दूर काठाला आणून टाकलं. त्या धारेला तोंड देईल अशी एकच नाव होती, आणि तिचं इंजिन बिघडून पडलं होतं.

त्या घटकेला मला माझी जेवढी लाज वाटली, तेवढी कधी वाटली नाही.

इंद्रभाननं माझं डोकं उतरवलं. पॅकिंग एका कोपऱ्यात जळून फाटलेलं. नवं पॅकिंग मुंबईला! त्यानं फाटका कोपरा बोटांनी चाचपला. मग म्हणाला, "तांब्याचा पत्रा भेटन का?" झुंबरबाई धावत गेल्या आणि पाण्याचा तांब्याचा गुंड घेऊन आल्या. त्यांच्या लग्नातला होता. इंद्रभाननं तो फोडला, ठोकून सपाट केला, लाल तापवून पाण्यात बुडवला आणि मऊ झाल्यावर कातरला. झुंबरबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या बेटाकडे बघत होत्या. खोप बसली होती आणि बाभळीवर शालूबाईचं लाल लुगडं दिसत होतं.

माझं पोट रॉकेलनं धुतलं. पण भरायला तेल कुठे होतं? डबा तर ओतून झालेला. मग गावातल्या बायका घरोघरचं एरंडेल घेऊन आल्या. कुणी वाटीत, कुणी बुधलीत. लेकरांच्या पोटासाठी ठेवलेलं ते तेल माझ्या पोटात गेलं. तरी गज पुरता भिजेना.

इंद्रभान हलक्या आवाजात म्हणाला, "भाऊ, एक खेप निभन. दुसरीची हमी मी नाई देत."

"तू इंजिन चालव, नाव मी धरतो," पुंजाजी म्हणाले.

मी चाललो. मित्रांनो, मी कसा चाललो ते माझं मला ठाऊक. धार मला मागे लोटत होती. नवं पॅकिंग नीट बसलं नव्हतं, त्यातून पाणी पुन्हा पाझरत होतं आणि सांध्यांत गाळ करकरत होता. तरी मी बाभळीपर्यंत नाव नेली. शालूबाईनं पोटाशी बांधलेलं लेकरू आधी आपल्या बापाच्या, पुंजाजींच्या हातात दिलं, मग ती उतरली. लाटांचं पाणी आत येऊन नाव जड झाली होती, पाणी तिच्या काठाला लागत होतं. आणखी एक माणूस घेतलं असतं तर सगळीच बुडाली असती.

"आत्याबाई, तुम्ही या, मी थांबते!" शालूबाई रडत म्हणाली.

"चूप बस. लेकराले दूध मी पाजू का?" सत्यभामाबाई वरच्या फांदीवरून म्हणाल्या. नाव वळली, तेव्हा त्यांनी आपल्या व्याह्यांना, पुंजाजींना हाक मारली. "ईवाई! घाई नोका करू. इंजिन लय तपलं. त्याले जरा दम घेऊ द्या, मंग या. मी बसून आहो!"

मला आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं. मालकांनी मिरवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण माझ्या जिवाची काळजी केली ती झाडावर अडकलेल्या त्या म्हातारीनं.

काठ लागला. झुंबरबाईंनी लेक आणि नात कवेत घेतली. पुंजाजींनी क्षणभरही न थांबता नाव पुन्हा वळवली. दम कुणाला सुचणार होता? मी निघालो. काठ थोडा मागे पडला, आणि माझ्या आत काहीतरी करकचून आवळलं गेलं. मी थांबलो. इंद्रभान हँडल मारत राहिला, हाताची सालटं निघाली, तरी मी हललो नाही. नाव धारेनं खाली ओढली आणि नदीच्या वाकणावर नेऊन आपटली. मी दम घेतला असता तर पोचलो असतो का? ते मला अजून ठरवता येत नाही.

पुंजाजी काठाकाठानं पळत परत आले. "ईहीनबाई! ईहीनबाई!" ते हाका मारत होते. पलीकडून पहिल्यांदा ओ आली. मग पाण्याचाच आवाज. पूर उतरला तेव्हा बाभूळ जागेवर होती. सत्यभामाबाई नव्हत्या.

वामनरावांनी मला नावेतून काढून इथे आणून टाकलं. पुंजाजींनी बायकोला एका शब्दानं बोल लावला नाही, बायकोनंही नवऱ्याला नाही. पण त्या घरात आता मीठ संपतं, तेल संपतं. सगळं सरळ संपतं.

मित्रांनो, यंत्र मुकं असतं असं म्हणतात, पण मी मुका नव्हतो. मी पांढरा धूर सोडला, घोगरं ओरडलो, गजावर माझं दुखणं चढवून दाखवलं. तुमच्या घरी रहाट असेल, उसाचा चरक असेल, नाहीतर साधी बैलगाडी असेल. तिचा आवाज बदलला तर लांबून अंदाज बांधू नका. जवळ जा, उघडा, हात घालून बघा. आम्हांला एवढंच हवं असतं, आणि ते वेळेवर हवं असतं.

सत्यभामाबाईंनी मला दम घ्यायला सांगितलं होतं. त्या झाडावर बसून माझी वाट बघत होत्या, आणि मी इथे अजून दमच घेतो आहे.